मॅमीची स्वतःची मुले कुठे होती?

२९ फेब्रुवारी १९४० च्या रात्री लॉस एंजेलिसमधील अँबेसिडर हॉटेलात हॅटी मॅक्डॅनिअल यांना ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटातील मॅमीच्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्याच कृष्णवर्णीय कलावंत. सोहळ्यात त्यांना चित्रपटातील सहकाऱ्यांपासून वेगळे, बाजूचे एक छोटे टेबल देण्यात आले होते. वर्णद्वेषाचा दाखला म्हणून ही हकीकत नेहमी सांगितली जाते, आणि तो दाखला आहेच. मला मात्र त्या भूमिकेविषयी वेगळाच प्रश्न पडतो. मार्गारेट मिचेल यांच्या १९३६ च्या हजारभर पानांच्या कादंबरीत मॅमी ही गुलाम दाई गोऱ्या नायिकेला, स्कार्लेटला, लहानाची मोठी करते, स्कार्लेटच्या आईलाही तिनेच वाढवलेले असते आणि पुढे स्कार्लेटच्या मुलांचेही तीच करते. तीन पिढ्यांचे आईपण निभावणाऱ्या या बाईला स्वतःचे नाव नाही. तिला कधी मूल झाले होते का, झाले असल्यास त्याचे काय झाले, हे कादंबरी सांगत नाही, आणि त्यातल्या कोणालाही ते तिला विचारावेसे वाटत नाही.

कथा-कादंबऱ्यांतील कृष्णवर्णीय आईविषयी अमेरिकेत जो वाद वर्षानुवर्षे चालला आहे, तो बहुतेक वेळा प्रतिमा चांगली की वाईट या एकाच मुद्द्यावर येऊन अडतो. मॅमी खोटी, म्हणून वाईट. सगळे सोसून घर सावरणारी कणखर आई खरी, म्हणून चांगली. मुलांना मारझोड करणारी, व्यसनी आई कदाचित खरी असेलही, पण गोऱ्या वाचकापुढे तिला उभी करू नये, कारण तो तिला साऱ्या समाजाचा नमुना समजेल. या म्हणण्यात तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही, पण त्यातली मोजपट्टीच मला चुकीची वाटते. आई चांगली रंगवली की वाईट, याने फारसा फरक पडत नाही. तिला जाब विचारण्याचा हक्क कथेने कोणाला दिला आहे, याने पडतो. मालक, न्यायालय, सरकारी अहवाल आणि हळहळणारा वाचक हे सगळे तिला जाब विचारत आले आहेत, आणि तिची बहुतेक चित्रे त्यांच्यासाठीच काढली गेली आहेत. तिच्या पोटच्या मुलाने तिला जाब विचारला आणि तिने तिच्या शब्दांत त्याला उत्तर दिले, असे ज्या कादंबऱ्यांत घडते त्याच मला या विषयावरच्या खऱ्या कादंबऱ्या वाटतात, मग ते उत्तर कितीही भयंकर असो.

मॅमी ही काही एका लेखिकेच्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हती. १९२३ साली ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ या दक्षिणेतील गोऱ्या स्त्रियांच्या संघटनेच्या आग्रहावरून वॉशिंग्टनमध्ये मॅमीचे स्मारक उभारण्याचे विधेयक सिनेटने मंजूर केले. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी आणि महिला संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला, प्रतिनिधिगृहात ते पुढे सरकले नाही आणि स्मारक बारगळले. आदल्याच वर्षी, जमावाने माणसांना ठार मारण्याच्या प्रकारांना आळा घालणारे विधेयक याच सिनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी चर्चा लांबवून अडवून ठेवले होते. म्हणजे ज्या बाईचा पुतळा उभारायचा, तिच्या मुलाला झाडाला लटकवणाऱ्याला शिक्षा करायची की नाही, याचा निर्णय मात्र लांबणीवर. मॅमीची उपयुक्तता यातच आहे. ती गोऱ्या मुलावर जीव लावते, आणि तिची ती माया गुलामगिरी प्रेमाने चालत होती याचा पुरावा म्हणून पुढे करता येते. तिचे स्वतःचे मूल चित्रात आले तर हा पुरावाच डळमळतो. म्हणून ते चित्राबाहेर ठेवावे लागते. २००९ मध्ये आलेल्या आणि प्रचंड खपलेल्या ‘द हेल्प’मध्येसुद्धा सतरा गोरी मुले वाढवणाऱ्या ऐबिलीनचा मुलगा कादंबरी सुरू होण्याआधीच मेलेला असतो. तिचे ‘तू प्रेमळ आहेस, तू हुशार आहेस’ हे शब्द ऐकायला मालकिणीची मुलगी तेवढी उरते. चित्रपटात ऐबिलीन साकारणाऱ्या व्हायोला डेव्हिस यांनी २०१८ मध्ये ही भूमिका केल्याची खंत बोलून दाखवली. शेवटी आवाज मोलकरणींचा ऐकू आलाच नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

हीच मॅमी तिच्या मुलीच्या बाजूने पाहिली तर कशी दिसते, हे टोनी मॉरिसन यांनी ‘द ब्लूएस्ट आय’ या १९७० च्या पहिल्याच कादंबरीत एका स्वयंपाकघरात दाखवले. ओहायोतील लोरेन गाव, तळ्याकाठचे एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाचे घर. पॉलीन ब्रीडलव्ह तिथे कामाला आहे. तिची मुलगी पिकोला धुण्याचे कपडे न्यायला येते, ओट्यावरच्या बेरीच्या गरम पक्वान्नाला हात लावते, भांडे पडते आणि उकळता जांभळा रस तिच्या पायांवर उडतो. आई धावत येते आणि पोरीला झोडपते. ‘माझी फरशी’ म्हणून ओरडते. फरशी मालकाची, पण ती तिला आपली वाटते. तेवढ्यात मालकांची गुलाबी कपड्यातली छोटी मुलगी रडू लागते, तशी पॉलीन तिला जवळ घेऊन थोपटते, तिच्या कपड्यावरचा डाग पुसते. ती मुलगी तिला ‘पॉली’ म्हणते. पिकोला स्वतःच्या आईला ‘मिसेस ब्रीडलव्ह’ म्हणते. ‘त्या कोण होत्या गं, पॉली?’ असे मुलगी विचारते, तेव्हा पॉलीन तिला गप्प करते, नवीन गोड करून देईन म्हणते. ती माझी लेक होती, हे सांगत नाही. मिचेलच्या हजार पानांत जे आले नाही ते या दोन पानांत आले. पुन्हा मॉरिसन पॉलीनला खलनायिका करून सोडत नाहीत. तिचा तुटलेला दात, चित्रपटगृहात शिकलेली सौंदर्याची कल्पना, बाळंतपणात डॉक्टरांनी तिच्यासमोरच ‘या बायकांना घोडीसारख्या कळा जाणवत नाहीत’ अशा अर्थाचे काढलेले उद्गार, हे सगळे तिच्याच तोंडून ऐकायला मिळते. तिला माफ करा असे लेखिका म्हणत नाही. तिचे ऐका, एवढेच म्हणते.

या साऱ्याच्या मुळाशी एक कायदा आहे. व्हर्जिनिया वसाहतीने डिसेंबर १६६२ मध्ये ठरवले की मूल गुलाम की स्वतंत्र हे त्याच्या आईच्या स्थितीवरून ठरेल. इंग्लंडच्या परंपरेत मुलाचा दर्जा बापावरून ठरत असे; इथे तो उलटा फिरवला, कारण मालकापासून गुलाम स्त्रीला झालेली मुले बापाच्या नावावर लागली असती तर मालमत्ता कमी झाली असती. पुढे १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर बंदी आली, तेव्हा देशातल्या गुलाम स्त्रीच्या कुशीची किंमत आणखी वाढली. तिचे आईपण हे मालकाच्या वहीतले जमेचे कलम झाले, आणि त्या आईपणातून येणारा हक्क मात्र शून्य. गुलामगिरीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मकथनात लिहिले आहे की आईला त्यांनी दिवसाच्या उजेडात पाहिल्याचे त्यांना आठवत नाही. दुसऱ्या मळ्यावर कामाला लावलेली ती बाई दिवसभर राबून रात्री बारा मैल चालत येई आणि उजाडायच्या आत निघून जाई.

अशा आईची बाजू मांडायला जे पहिले मोठे साहित्य आले ते गोऱ्या वाचकाच्या, त्यातही गोऱ्या आईच्या काळजाला हात घालणारे होते. हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’मध्ये (१८५२) इलायझा मुलाला छातीशी धरून ओहायो नदीवरच्या तरंगत्या बर्फाच्या लाद्यांवरून उड्या मारत पलीकडे जाते, आणि तिला आसरा देणारी सिनेटरची बायको आपल्या मेलेल्या बाळाचे कपडे तिच्या मुलासाठी कपाटातून काढते. स्टो यांचा स्वतःचा दीड वर्षाचा मुलगा १८४९ मध्ये सिनसिनाटीत कॉलऱ्याने गेला होता. ते दुःख त्या कपाटात आहे, आणि म्हणून तो प्रसंग आजही खोटा वाटत नाही. पण या प्रकारच्या लेखनाची एक अट असते. आईने निष्कलंक असावे लागते, कारण निकाल देणारी दुसरी आई वाचनाच्या खुर्चीत बसलेली आहे. याच कादंबरीत कॅसी नावाची गुलाम स्त्री आहे. दोन मुले विकली गेल्यावर ती तिसऱ्या तान्ह्या बाळाला अफूचा अर्क पाजून छातीशी धरून मारते. मला हे कादंबरीतले सर्वांत धाडसी पान वाटते. स्टो मात्र तिथे फार वेळ थांबत नाहीत. कॅसी आपले कृत्य सांगते, आपल्याला त्याचा पश्चात्ताप नाही असेही म्हणते, आणि शेवटी तीच इलायझाची हरवलेली आई निघून सगळे गोड होते. मेलेल्या बाळाचा विषय पुन्हा निघत नाही.

तो विषय एकशे पस्तीस वर्षांनी निघाला. मधल्या काळात खरी घटना घडून गेली होती. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून कुटुंबासह सिनसिनाटीत पोहोचली. मालक आणि मार्शल घराला वेढा घालून आत शिरले, तेव्हा तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा सुरीने गळा चिरला. पुढे न्यायालयात जो प्रश्न उभा राहिला तो ऐकून आजही सुन्न व्हायला होते. तिच्या वकिलाची धडपड होती की तिच्यावर ओहायोत खुनाचा खटला चालावा, कारण खुनाचा आरोप माणसावरच ठेवता येतो, आणि आरोपी म्हणून का होईना ती माणूस ठरली असती. १८५० च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्याने तिला मालमत्ता म्हणून मालकाकडे परत पाठवले. मालकाने तिला दक्षिणेत धाडले आणि १८५८ मध्ये ती विषमज्वराने मेली. प्रकाशनसंस्थेत संपादक असताना, १९७४ मध्ये आलेल्या एका संकलनाचे काम करताना मॉरिसन यांना तिची हकीकत सापडली. तिच्यावरून सुचलेली त्यांची ‘बिलव्हेड’ ही कादंबरी १९८७ मध्ये आली.

खटल्याचे रसभरीत नाट्य हाताशी असून मॉरिसन यांनी ते जवळजवळ सगळे वगळले. कादंबरीतील सेथाला न्यायालयाने काय विचारले, हे आपल्याला कळत नाही. तिला जाब विचारायला जी येते ती मारलेली मुलगीच आहे. मेल्यावर अठरा वर्षांनी, तरुण होऊन, तहानलेली, अंगणातल्या बुंध्यावर येऊन बसते. त्याआधी पॉल डी, मळ्यावर तिच्याबरोबर गुलाम असलेला माणूस, प्रयत्न करून पाहतो. सेथा त्याला सांगते की ती गरोदर असताना मालकाच्या पुतण्यांनी तिला धरून तिचे दूध काढून घेतले. तो विचारतो, त्यांनी तुला चाबकाने मारले? ती म्हणते, आणि माझे दूध घेतले. तो म्हणतो, गरोदर असताना मारले? ती पुन्हा म्हणते, आणि माझे दूध घेतले. त्याला पाठ दिसते. तिला मुलीसाठी राखलेले दूध. पुढे खुनाची गोष्ट कळल्यावर तो म्हणतो की तुझे प्रेम फार दाट आहे, आणि ती उत्तरते की पातळ प्रेम हे प्रेमच नसते. मग त्याच्या तोंडून निघून जाते की तुला दोन पाय आहेत, चार नाहीत. मळ्यावरच्या ‘स्कूलटीचर’ने आपल्या विद्यार्थ्यांना एका बाजूला सेथाचे मानवी गुण आणि दुसऱ्या बाजूला पशूचे गुण लिहायला बसवले होते, ते तिने कानांनी ऐकले होते. तिच्यावर मनापासून प्रेम करणारा माणूसही जाब विचारायला गेला की त्याच वहीची भाषा बोलतो. मुलीपुढे मात्र सेथा उभी राहते. समजावते, विनवते, स्वतःच्या ताटातले तिला घालते, झिजत जाते, आणि मुलगी काही केल्या तिचे म्हणणे मान्य करत नाही. कादंबरी सेथाला निर्दोष सोडत नाही आणि दोषीही ठरवत नाही. फक्त हा हिशेब कोणाकोणात आहे ते निश्चित करते.

सेथाची सासू बेबी सग्ज हिच्याविषयी एक वाक्य आहे, ते मला या कादंबरीतल्या कुठल्याही थरारक प्रसंगापेक्षा जास्त छळते. तिला आठ मुले झाली, बहुतेक सगळी विकली गेली किंवा हरवली. पहिल्या मुलीविषयी तिला एवढेच आठवते की तिला पावाचा करपलेला तळ आवडायचा.

मराठी वाचक या पुस्तकांकडे येतो तेव्हा हात हलवत येत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, आणि शंभर वर्षांनी दलित पँथरने ब्लॅक पँथरचे नाव घेतले. हा धागा जुना आहे. पण आपल्या सुशिक्षित मनावर त्याहून मोठा पगडा साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चा आहे, जिथे मुलगा आईची आठवण संस्कार म्हणून सांगतो आणि जाब असतो तो आईने मुलाला विचारलेला. ते पुस्तक मोठेच आहे. तरी ज्या समाजात आईला मुलावर संस्कार करायची फुरसत आणि हक्क दोन्ही मिळाले त्या समाजाचे ते पुस्तक आहे, हे शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) वाचताना कळते. तिथे मुलगा आपल्या जन्माचाच जाब आईला विचारतो, तू मला का वाढू दिलेस असे विचारतो, आणि आत्मकथन त्याचे असल्यामुळे आईचे उत्तर आपल्यापर्यंत त्याच्याच शब्दांतून येते, तेही अर्धेमुर्धे. मॉरिसन वाचल्यावर मला ‘अक्करमाशी’तली ती गप्प राहिलेली जागा अधिक ठळक दिसू लागली.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जाब विचारणारा नवा पक्ष आला: सरकार. १९६५ मध्ये श्रम खात्यातील डॅनिअल पॅट्रिक मॉयनिहन यांच्या अहवालाने कृष्णवर्णीयांच्या गरिबीच्या चर्चेत मातृसत्ताक कुटुंबाला मध्यभागी आणून ठेवले. बेकारी आणि वर्णभेद यांचा उल्लेख अहवालात आहे, पण लोकांच्या लक्षात राहिली ती घरावर सत्ता गाजवून मुलग्यांना दुबळे करणारी आई. १९७६ च्या प्रचारात रोनाल्ड रेगन यांनी सरकारी मदत लुबाडणाऱ्या शिकागोच्या एका बाईची गोष्ट सभांतून सांगितली आणि भत्त्यांवर चैन करणारी कृष्णवर्णीय आई ही आणखी एक प्रतिमा रूढ झाली. चाळीस वर्षांपूर्वी मॅमी जास्त मायाळू होती. आता तीच जास्त दांडगी किंवा जास्त लबाड झाली. गंमत अशी की या दोन्ही चित्रांत तिच्या मुलांना बोलायला जागा नाही.

याला उत्तर म्हणून कणखर आई पुढे केली गेली, आणि इथे मला हितचिंतकांशीही भांडावे लागते. १८५१ मध्ये ओहायोतील ॲक्रन येथे सोजर्नर ट्रुथ यांनी केलेले भाषण घ्या. आज जगभर ठाऊक असलेले त्याचे रूप फ्रान्सिस गेज यांनी बारा वर्षांनी, १८६३ मध्ये, छापले. त्यात ट्रुथ म्हणतात की मी तेरा मुलांना जन्म दिला आणि बहुतेक विकली जाताना पाहिली. प्रत्यक्षात त्यांना पाच मुले होती, आणि १८५१ मध्येच छापून आलेल्या वृत्तांतात ना तेरा मुले आहेत, ना ‘मी बाई नाही का?’ हे प्रसिद्ध पालुपद. बेकायदा अलाबामात विकल्या गेलेल्या आपल्या पीटर नावाच्या मुलासाठी मात्र त्यांनी न्यूयॉर्कमध्ये दावा लावला आणि १८२८ मध्ये तो जिंकून मुलगा परत आणला. निरक्षर, नुकतीच मुक्त झालेली बाई गोऱ्या माणसाविरुद्ध खटला जिंकते, याहून मोठी गोष्ट कोणती असणार? पण मनावर ठसले ते तेरा मुलांचे दुःख. जितके जास्त सोसले तितकी आई मोठी, हा हिशेब कौतुकाचा असला तरी तो मॅमीच्या हिशेबाच्या फार दूर नाही. आणि त्याचे ओझे खऱ्या बायकांवर पडते. २०२१ मध्ये अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या २६.६. या तफावतीची कारणे अनेक आहेत आणि ती कादंबऱ्यांनी घडवलेली नाहीत. पण त्यांतले एक, म्हणजे वेदना सांगितल्या तरी डॉक्टरांनी त्या मनावर न घेणे, हे पॉलीनच्या बाळंतपणातल्या त्या डॉक्टरांना ओळखणाऱ्या वाचकाला नवीन वाटणार नाही.

लोरेन हॅन्सबेरी यांच्या ‘अ रेझिन इन द सन’ (१९५९) या नाटकातील लीना यंगर ही कणखर आईचा नमुना मानली जाते, आणि तो नाटकावर अन्याय आहे. नवऱ्याच्या विम्याचे दहा हजार डॉलर येतात, लीना त्यांतले साडेतीन हजार गोऱ्यांच्या वस्तीतील घरासाठी भरते, आणि मुलगा वॉल्टर तिला तोंडावर सांगतो की तू माझ्या स्वप्नाचा खून केलास. ती ते ऐकते. काही दिवसांनी कबूल करते की जगाने तुझ्याशी जे केले तेच मीही करत आले, आणि उरलेले पैसे त्याच्या हाती देते. तो ते घालवतो, हा भाग वेगळा. आई मुलापुढे चुकते, हे रंगभूमीवर मॉयनिहन यांच्या अहवालाच्या सहा वर्षे आधी दाखवून झाले होते.

पण या विषयावरचा सर्वांत थेट संवाद मॉरिसन यांच्या ‘सुला’त (१९७३) आहे. १९२३ साल. हॅना शेंगांची टोपली घेऊन आईच्या, इव्हाच्या, खोलीत येते, शेंगा मोडता मोडता सहज विचारते, ‘आई, तू आमच्यावर कधी प्रेम केलंस का?’ इव्हा आधी म्हणते, नाही, तुला वाटते तसे नाही केले. मग तिचा भडका उडतो. १८९५ मध्ये नवरा टाकून गेला तेव्हा तिच्याकडे १ डॉलर ६५ सेंट, पाच अंडी आणि तीन बीट होते. हिवाळ्यात तान्ह्या प्लमचे पोट अडले, तेव्हा घरातला शेवटचा चरबीचा गोळा बोटाला लावून तिने थंडीत, शौचकुपात, त्याला मोकळे केले. पुढे तीन मुले शेजारणीकडे ठेवून ती दीड वर्ष नाहीशी झाली आणि परतली तेव्हा तिला एकच पाय होता. लोक म्हणत, विम्याच्या पैशांसाठी तिने तो आगगाडीखाली दिला. ‘तेव्हा कोण खेळत बसलं होतं?’ असे ती लेकीला विचारते. तू आज धडधाकट बसून मला प्रेमाचे विचारतेस, तुझे हे टपोरे डोळे आज किड्यांनी भरलेल्या खोबणी असते. एवढे झाल्यावर हॅना खरा प्रश्न विचारते: मग प्लमला का मारलेस? युद्धावरून अफूबाज होऊन आलेल्या त्याच मुलावर इव्हाने रॉकेल ओतून काडी लावलेली असते. इव्हाचे उत्तर वाचकाला पटणारे नाही, आणि मॉरिसन यांना ते पटवायचेही नाही. मुलगा पुन्हा माझ्या पोटात शिरू पाहत होता, म्हणते ती; काळजात जागा होती, कुशीत नव्हती. त्यानंतर लवकरच हॅनाच्या कपड्यांना अंगणात आग लागते आणि ही एकपायी बाई तिला वाचवायला खिडकीतून खाली झेपावते. आता हिला चांगली आई म्हणायचे की वाईट? मी ही कादंबरी वाचताना हा प्रश्न बाजूला ठेवत नाही. तो माझ्या हातून गळून पडतो.

आफ्रिकेतील इंग्रजी कादंबरीने हीच गाठ दुसऱ्या बाजूने सोडवली. नायजेरियाच्या बुची एमेचेटा लंडनमध्ये एकट्याने पाच मुले वाढवत लिहीत होत्या. त्यांच्या ‘द जॉईज ऑफ मदरहूड’ (१९७९) मधील न्नू एगो इबुझाहून लागोसला येते, सरपण आणि सिगारेटी विकून मुलांची फी भरते. वसाहतीच्या न्यायालयात तिला साक्षीला उभे करतात आणि फी कोण भरते म्हणून विचारतात. ती म्हणते, नवरा. मग हेही म्हणते की पैसे मी कमावते, पण तो माझा मालक आहे, म्हणून भरतो तोच. न्यायालय हसते. या आईला तिची मुले जाब विचारतच नाहीत. एक अमेरिकेत जातो, एक कॅनडात, पत्रे येत नाहीत, आणि ती एके रात्री रस्त्याच्या कडेला एकटी मरते. मग मुले येऊन तिचे दिमाखदार अंत्यसंस्कार करतात, मूल होत नसलेल्या बायकांनी नवस करावा म्हणून तिच्या नावाचे देऊळ बांधतात. तिला कितीही साकडे घातले तरी ती कोणाला मूल देत नाही. जिवंतपणी कोणी विचारले नाही त्याचे उत्तर तिने मेल्यावर दिले, असा त्या शेवटाचा अर्थ मी लावतो.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. वाईट आईचे चित्र विकले जाते, आणि विकत घेणारा बहुधा गोरा असतो. सॅफायर यांच्या ‘पुश’मधील (१९९६) आई मुलीचा अनन्वित छळ करते, २००९ च्या चित्रपटात ती भूमिका करणाऱ्या मोनिक यांना ऑस्कर मिळाले, तेव्हा कृष्णवर्णीय समीक्षकांतून हाच प्रश्न उठला. पर्सिव्हल एव्हरेट यांनी तर २००१ मध्येच ‘इरेझर’ लिहून प्रकाशकांच्या या भुकेची यथेच्छ टिंगल केली होती. बाजाराविषयीचे हे म्हणणे मला मान्य आहे. पण ‘पुश’वरच्या चित्रपटात मला खटकते ते आईचे क्रौर्य नाही. शेवटी ती आपली बाजू सांगते, पण ती समाजसेविकेच्या टेबलासमोर, भत्त्याच्या फायली ठेवलेल्या कार्यालयात. मुलगी बाजूला बसलेली आहे आणि कॅमेऱ्याने प्रेक्षकाला त्या समाजसेविकेच्या खुर्चीजवळ बसवले आहे. जाब पुन्हा सरकारनेच विचारला. याउलट जेस्मिन वॉर्ड यांच्या ‘सिंग, अनबरीड, सिंग’मध्ये (२०१७) नशा करणारी लिओनी आपली प्रकरणे स्वतः सांगते आणि तिचा तेरा वर्षांचा मुलगा जोजो त्याची. तो तिला आई म्हणत नाही, नावाने बोलावतो. प्रवासात त्याची धाकटी बहीण केयला आजारी पडते, लिओनी आईकडून अर्धवट शिकलेल्या ज्ञानावर झाडपाल्याचा काढा उकळून तिला पाजते, आणि जोजो बहिणीला गुपचूप बाजूला नेऊन घशात बोट घालून तो ओकायला लावतो. एवढ्या एका कृतीत मुलाचा सगळा जाब आहे. लिओनीला आपण बरे नाही वागत हे कळते, लहानगी भावाला बिलगते तेव्हा तिला मत्सरही वाटतो, आणि तेही ती लपवत नाही.

आता व्हर्जिनियाकडे यावे लागते, कारण तिथला वाद अजून ताजा आहे. २०१३ च्या सुमारास फेअरफॅक्स काउंटीतील एका पालक महिलेने, बारावीच्या वर्गात इंग्रजीच्या प्रगत अभ्यासक्रमाला लावलेली ‘बिलव्हेड’ हटवावी म्हणून मोहीम सुरू केली. वर्गातल्या साहित्यात लैंगिक वर्णने असतील तर पालकांना आधी कळवून पर्यायी पुस्तक देण्याची सक्ती करणारे विधेयक राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केले, आणि गव्हर्नर टेरी मॅकॉलिफ यांनी २०१६ व २०१७ मध्ये नकाराधिकार वापरून ते रोखले. २०२१ च्या निवडणुकीत ग्लेन यंगकिन यांच्या प्रचाराच्या जाहिरातीत तीच पालक महिला दिसली, आणि यंगकिन निवडून आले. आपल्या मुलाने काय वाचावे याची काळजी आईला वाटणे स्वाभाविक आहे, त्याची टवाळी करण्याचे कारण नाही. पण १६६२ मध्ये कृष्णवर्णीय आईचा मुलावरचा हक्क कायद्याने काढून घेणारी भूमी हीच, आणि त्या कायद्याचा शेवटचा परिणाम दाखवणारे पुस्तक आईच्या हक्काच्या नावाने बाहेर काढायचे, आणि त्याचा निकाल पुन्हा विधिमंडळात आणि टीव्हीवरच्या जाहिरातीत लावायचा, यातली विसंगती त्या प्रचारात कोणी बोलून दाखवली नाही. सेथाची धाकटी मुलगी डेन्व्हर कादंबरीत अठरा वर्षांची आहे. आईने काय केले हे तिला बाहेरच्या मुलाने शाळेत विचारून कळते आणि त्या धक्क्याने तिची श्रवणशक्ती दोन वर्षे जाते. बारावीतल्या मुलांना ती गोष्ट चांगल्या शिक्षकाबरोबर, चर्चा करत वाचायची संधी आहे, आणि ती त्यांच्याकडून काढून घेण्याइतके सबळ कारण मला त्या सगळ्या वादात सापडलेले नाही.